नगरसेवकाविरुद्ध तक्रार कोणाकडे करायची?

महाराष्ट्रातील २९ महापालिकांसाठी १५ जानेवारी २०२६ रोजी मतदान झाले आणि प्रदीर्घ काळानंतर शहरांना लोकनियुक्त सभागृहे मिळाली. मुंबईत ७ मार्च २०२२ रोजी आधीच्या सभागृहाची मुदत संपली होती. तेव्हापासून जवळजवळ चार वर्षे देशातील सर्वांत श्रीमंत महापालिकेचा कारभार एकाच प्रशासकाच्या सहीने चालत होता. लोकशाहीवर श्रद्धा असणाऱ्या कोणालाही ही स्थिती रुचणारी नव्हती. या निवडणुकीत भाजप मुंबईसह अनेक शहरांत सर्वांत मोठा पक्ष ठरला. या यशामागे ज्यांचे नाव कोणत्याही फलकावर झळकत नाही, अशा असंख्य कार्यकर्त्यांचा घाम आहे. म्हणूनच या विजयानंतर एक अवघड प्रश्न विचारण्याचा पहिला अधिकार त्याच कार्यकर्त्यांचा आहे. उद्या आपल्याच प्रभागातील नगरसेवकाच्या सचोटीविषयी शंका आली, तर तक्रार घेऊन कोणाच्या दारात उभे राहायचे?

हा प्रश्न काल्पनिक नाही. रस्त्याच्या कामाचा ठेका नगरसेवकाच्या मेहुण्याच्या कंपनीला मिळतो, अनधिकृत मजल्यावर हातोडा पडणार असे दिसताच कोणाचा तरी दूरध्वनी जातो, मंजुरीपूर्वी ‘टक्केवारी’ ठरते, ही कुजबुज प्रत्येक शहरात ऐकू येते. ती प्रत्येक वेळी खरी असतेच असे नाही. पण ती खरी की खोटी, हे ठरवणारी विश्वासार्ह यंत्रणाच नसल्यामुळे प्रामाणिक नगरसेवक आणि लुटारू नगरसेवक यांना समाज एकाच तागडीत तोलू लागतो. यात अधिक नुकसान होते ते प्रामाणिकाचेच.

कायदा अस्तित्वात नाही असे नाही. मुंबईचा कायदा १८८८ चा आहे. उर्वरित महापालिकांसाठीचा १९४९ चा अधिनियम आज महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम या नावाने ओळखला जातो. महापालिकेच्या कंत्राटात प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष, स्वतःचा किंवा भागीदाराचा हितसंबंध असलेला नगरसेवक अपात्र ठरतो, असे हे कायदे स्पष्टपणे सांगतात. ज्या विषयात आपला आर्थिक स्वार्थ गुंतला आहे, त्यावर मत देणे वा चर्चेत भाग घेणे हेही पद गमावण्याचे कारण होऊ शकते. अनधिकृत बांधकाम करणाऱ्या किंवा ते पाडण्यात अडथळा आणणाऱ्या नगरसेवकासाठीही अपात्रतेची तरतूद आहे. गैरवर्तन किंवा लज्जास्पद वर्तन करणाऱ्यास पदावरून दूर करण्याचा अधिकार राज्य शासनाला आहे. एवढे वाचून कोणालाही वाटेल की आता आणखी काय हवे?

अडचण तरतुदींत नाही, दारात आहे. १९४९ च्या अधिनियमानुसार एखाद्या नगरसेवकाचे पद गेले की नाही असा वाद उत्पन्न झाला, तर तो न्यायाधीशाकडे पाठवता येतो. पण तो पाठवणार कोण? तो नगरसेवक स्वतः, अथवा दुसरा एखादा नगरसेवक, अथवा महापालिकेने विनंती केल्यास आयुक्त. करदात्या नागरिकाचे नाव या यादीत नाही. म्हणजे ज्याच्या पैशाचा अपहार झाला, त्याने सभागृहातील कोणाची तरी मनधरणी करायची. ते जमले नाही तर नगरविकास खात्याकडे अर्ज करायचा. तिथे निर्णय राजकीय असतो, आणि सत्तेतील पक्षाचा नगरसेवक आणि विरोधी पक्षाचा नगरसेवक यांच्या फायली एकाच वेगाने पुढे सरकतात असा अनुभव कोणाचाही नाही. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचे दार आहे, पण तिथे गुन्हा लागतो. हितसंबंध लपवून केलेले मतदान हा अनेकदा गुन्हा नसतो, केवळ विश्वासघात असतो. उरते उच्च न्यायालय. त्याचा खर्च निवृत्त शिक्षकाला किंवा बँकेतील कारकुनाला परवडणारा नाही.

येथे एक विरोधाभास लक्षात घेण्याजोगा आहे. पक्षाचा आदेश डावलणाऱ्या नगरसेवकाला घरी पाठवण्यासाठी महाराष्ट्रात १९८६ चा स्वतंत्र कायदा आहे. पक्षाशी केलेल्या द्रोहाची दखल घेण्यासाठी विधिमंडळाने इतकी तत्परता दाखवली. मतदाराशी केलेल्या द्रोहासाठी मात्र अशी यंत्रणा उभी करण्याची निकड कोणत्याही सरकारला वाटली नाही.

विलंबाची किंमत किती मोठी असते, याचा धडा जळगावने दिला आहे. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस तेथे गरिबांसाठी अकरा हजारांहून अधिक घरकुले बांधण्याची योजना आखली गेली. घरे पूर्ण झाली ती जेमतेम दीड हजार. ठेकेदाराला दिलेल्या कोट्यवधींच्या अग्रिम रकमेचे प्रकरण तत्कालीन आयुक्त प्रवीण गेडाम यांनी फेब्रुवारी २००६ मध्ये पोलिसांत नेले. धुळ्याच्या विशेष न्यायालयाचा निकाल आला तो ३१ ऑगस्ट २०१९ रोजी. माजी मंत्री सुरेश जैन यांच्यासह ४८ जणांना शिक्षा झाली आणि प्रकरण अपिलात उच्च न्यायालयात गेले. तक्रार ते निकाल यांत तेरा वर्षांहून अधिक काळ गेला. या काळात महापालिकेच्या निवडणुका होत राहिल्या, आरोपी निवडून येत राहिले. शिक्षा झालेल्यांमध्ये त्या वेळी पदावर असलेले नगरसेवक होते आणि त्यांतील काही भाजपच्या चिन्हावर निवडून आलेले होते. हे लिहिताना लेखणी अडखळते, पण लिहिणे भाग आहे. ज्याच्यावर असा गंभीर आरोप आहे त्याला ‘निवडून येण्याची क्षमता’ या एका निकषावर उमेदवारी द्यायची आणि पुढे निकाल लागला की न्यायालयाकडे बोट दाखवायचे, ही रीत आपल्या घराण्याची नव्हे.

मुंबईत तरी वेगळे काय घडले? महालेखापरीक्षकांनी महापालिकेच्या सुमारे बारा हजार कोटी रुपयांच्या कामांची तपासणी केली आणि तो अहवाल मार्च २०२३ मध्ये विधिमंडळासमोर आला. निविदा न मागवता दिलेली कामे, करार न करता केलेले व्यवहार यांची त्यात नोंद आहे. पंचवीस वर्षे महापालिका म्हणजे आपली जहागीर समजणाऱ्यांना त्याचे उत्तर द्यावेच लागेल. परंतु लेखापरीक्षण हे शवविच्छेदनासारखे असते, त्यातून मृत्यूचे कारण कळते, रोगी वाचत नाही. ज्या महापालिकेचे २०२५-२६ चे अंदाजपत्रक ७४,४२७ कोटी रुपयांचे होते, तिच्या २२७ नगरसेवकांच्या वर्तनावर रोजच्या रोज नजर ठेवणारी एकही स्वतंत्र यंत्रणा नसावी, ही गोष्ट पक्षभेद विसरून लाजिरवाणी मानली पाहिजे.

संसदेने याबाबतीत अधिक चांगले उदाहरण घालून दिले आहे. १९५१ मध्ये हंगामी संसदेचे सदस्य एच. जी. मुदगल यांनी मुंबईच्या सराफांच्या संघटनेकडून पैसे घेऊन सभागृहात तिचे काम केल्याचा आरोप झाला. चौकशी समिती जूनमध्ये नेमली गेली आणि सप्टेंबरमध्ये मुदगल यांचे सदस्यत्व संपुष्टात आले. डिसेंबर २००५ मध्ये प्रश्न विचारण्यासाठी पैसे घेणारे खासदार छुप्या चित्रणात सापडले. चित्रण प्रसारित झाले १२ तारखेला आणि अकरा खासदारांची हकालपट्टी झाली २३ तारखेला. त्या अकरांत सहा जण भाजपचे होते. शिक्षेच्या तीव्रतेवर आणि पद्धतीवर आक्षेप घेऊन भाजपने तेव्हा सभात्याग केला होता. पुढे जानेवारी २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही हकालपट्टी वैध ठरवली. अकरा दिवसांतला निवाडा फारच घाईचा होता, हे म्हणणे आजही विचारात घेण्यासारखे आहे. मात्र अकरा दिवस आणि तेरा वर्षे यांच्यामध्ये एखादी सभ्य मुदत नक्कीच असू शकते.

महापालिकेला असे करता येत नाही, कारण संसदेसारखे विशेषाधिकार तिला नाहीत. ती कायद्याने निर्माण केलेली संस्था आहे आणि कायद्याने दिले तेवढेच अधिकार तिला आहेत. परंतु ७४ व्या घटनादुरुस्तीने संविधानात आलेला अनुच्छेद २४३-व याबाबतीत निःसंदिग्ध आहे. नगरपालिका वा महापालिकेच्या सदस्याच्या अपात्रतेचा प्रश्न कोणत्या प्राधिकाऱ्याकडे सोपवायचा, हे राज्य विधिमंडळाने कायद्याने ठरवायचे आहे. दिल्लीकडे बघण्याचे कारण नाही. जे करायचे ते मुंबईत आणि नागपुरात भरणाऱ्या अधिवेशनांतच करता येते.

या विषयावर बोलताना काही मंडळी लगेच परदेशी नमुने समोर ठेवतात. त्यांनी एकदा कांचीपुरमजवळच्या उत्तरमेरूरला जाऊन यावे. तेथील मंदिराच्या भिंतीवर चोळ राजा पहिला परांतक याच्या काळातील, इसवी सनाच्या दहाव्या शतकाच्या आरंभीचे शिलालेख आहेत. गावाचे तीस विभाग, प्रत्येक विभागातून ताडपत्रावर नाव लिहून घटात टाकायचे आणि लहान मुलाच्या हाताने चिठ्ठी काढून समित्यांचे सदस्य निवडायचे, हे बहुतेकांनी ऐकलेले असते. त्याच लेखातील पुढचा भाग मात्र फारसा सांगितला जात नाही. पूर्वी समितीवर असताना ज्याने हिशेब दिला नाही, त्याचे नाव घटात टाकता येत नसे. इतकेच नव्हे, तर त्याच्या नातलगांचेही नाव टाकता येत नसे. आणि ‘नातलग’ म्हणजे कोण, हे संदिग्ध ठेवलेले नाही. मावसभाऊ, आतेभाऊ, मामा, काका, सख्खा भाऊ, सासरा, मेहुणा, भाचा, जावई, बाप, मुलगा अशी यादीच दगडात कोरली आहे.

ती यादी वाचताना हसू येते आणि पाठोपाठ अस्वस्थता येते. अकराशे वर्षांपूर्वीच्या त्या ग्रामसभेला जे कळत होते, ते आमच्या कायद्याला अजून कळलेले नाही. आमचा कायदा ‘स्वतः किंवा भागीदार’ म्हणतो आणि केवळ नाते म्हणजे हितसंबंध नव्हे, असे न्यायालयांनी म्हटले आहे. न्यायशास्त्राच्या दृष्टीने ते योग्यही असेल, कारण भावाच्या पापाची शिक्षा भावाला देता येत नाही. पण नाते जाहीर करण्याची सक्ती करायला कोणाची हरकत असावी? शिक्षा नको, निदान नोंद हवी. महाराष्ट्रात २०११ पासून निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत. अनेक नगरसेविकांनी आपल्या कर्तृत्वाने त्या जागा सार्थ केल्या. परंतु कित्येक प्रभागांत ‘नगरसेविकेचे यजमान’ नावाचे एक पद कायद्यात नसताना निर्माण झाले आहे, हे सारे जाणतात. सभागृहात सही पत्नीची, ठेकेदाराशी बोलणी यजमानांची. या व्यवहाराला ‘भागीदार’ या एका शब्दात पकडता येत नाही.

कौटिल्याने तर राजकीय सेवकांनी द्रव्यापहार करण्याचे चाळीस प्रकार मोजून ठेवले आहेत. त्याने खबर देणाऱ्याचाही विचार केला. अपहार सिद्ध झाला तर सूचकाला त्या रकमेचा सहावा हिस्सा आणि तो स्वतः सेवक असेल तर बारावा हिस्सा द्यावा, आणि आरोप खोटा ठरला तर त्याला दंड व्हावा, अशी व्यवस्था त्याने सांगितली. तक्रारदाराला संरक्षण आणि खोट्या तक्रारदाराला धाक ही दोन्ही टोके एकाच सूत्रात त्याने बांधली. आमच्याकडे तक्रारदाराची अवस्था काय आहे? माहितीच्या अधिकारातून जमीन व्यवहार उजेडात आणणारे तळेगाव दाभाड्याचे सतीश शेट्टी यांची १३ जानेवारी २०१० रोजी भर रस्त्यात हत्या झाली. जागल्यांना संरक्षण देणारा कायदा संसदेने २०१४ मध्ये संमत केला, पण वर्षानुवर्षे तो अंमलात आणला गेला नाही. केंद्रात सरकार कोणाचे होते, हे पाहून या विलंबाचे वजन कमी-जास्त करण्याचे कारण नाही.

स्थानिक संस्थांसाठी स्वतंत्र लोकपाल असावा, ही कल्पना नवी नाही. केरळने २००० साली ग्रामपंचायती व नगरपालिकांसाठी असा लोकपाल नेमला. सुरुवातीला ती सात सदस्यांची भारदस्त संस्था होती, पुढे ती एकसदस्यीय झाली. केरळच्या राज्यकर्त्यांशी आमचे वैचारिक वैर जगजाहीर आहे, पण चांगली गोष्ट कोणाच्याही अंगणातून उचलावी. दुसऱ्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने २००७ मध्ये, जिल्ह्यांच्या गटासाठी स्थानिक संस्थांचा लोकपाल असावा, अशी शिफारस केली. डॉ. विजय केळकर यांच्या अध्यक्षतेखालील तेराव्या वित्त आयोगाने तर पुढचे पाऊल टाकले. निवडून आलेले सदस्य आणि अधिकारी या दोघांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारा स्वतंत्र लोकपाल असणे, ही त्याने कामगिरीवर आधारित अनुदानाची एक अट ठेवली. एका मराठी अर्थशास्त्रज्ञाने पैशाच्या भाषेत सांगितलेली ही गोष्ट महाराष्ट्राने तरी मनावर घ्यायला हवी होती. विधानसभेने डिसेंबर २०२२ मध्ये आणि विधान परिषदेने डिसेंबर २०२३ मध्ये मंजूर केलेल्या लोकायुक्त विधेयकात मुख्यमंत्र्यांनाही कक्षेत आणण्याचे धाडस महायुती सरकारने दाखवले, याचे स्वागत झालेच पाहिजे. पण गल्लीतल्या गटाराच्या कंत्राटाची तक्रार घेऊन नांदेडच्या किंवा चंद्रपूरच्या नागरिकाने राज्याच्या राजधानीत यावे, ही अपेक्षा व्यवहार्य नाही.

अशी यंत्रणा उभारताना इंग्लंडची फसगतही डोळ्यांपुढे असावी. तेथे २००० च्या कायद्याने नगरसेवकांच्या वर्तनासाठी एक मध्यवर्ती मंडळ स्थापन झाले. त्याच्यापुढे भाषेविषयीच्या आणि आपापसातील मानापमानाच्या क्षुल्लक तक्रारींचा ढीग साचला. लंडनचे महापौर केन लिव्हिंगस्टन यांना एका पत्रकाराशी केलेल्या उर्मट बोलण्याबद्दल २००६ मध्ये चार आठवडे निलंबित करण्याचा आदेश निघाला आणि उच्च न्यायालयाने तो रद्द केला. लाखो मतदारांनी निवडलेल्या महापौराला तीन अनिर्वाचित व्यक्तींनी घरी बसवावे का, हा प्रश्न तेव्हा सर्वांनाच पडला. अखेरीस २०१२ मध्ये ते मंडळच मोडीत निघाले. त्याबरोबर नगरसेवकाला निलंबित करण्याचा अधिकारही गेला. म्हणजे अतिरेकाची प्रतिक्रिया निष्क्रियतेत झाली. आपण सुरुवातीपासूनच लोकपालाचे क्षेत्र पैसा, हितसंबंध आणि पदाचा गैरवापर एवढ्यापुरते मर्यादित ठेवावे. सभागृहात कोण कोणाला काय बोलला, हे महापौरांनी पाहावे.

महसुली विभागनिहाय एक नगर लोकपाल असावा आणि तो निवृत्त जिल्हा न्यायाधीश असावा. त्याची नेमणूक मंत्रिमंडळाच्या मर्जीवर न सोडता उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींच्या सल्ल्याने व्हावी. त्याचा खर्च महापालिकेच्या सभागृहाच्या हाती असू नये, अन्यथा ज्याची चौकशी करायची त्याच्याकडेच कागद-पेन्सिलीसाठी हात पसरावा लागेल. कोणत्याही मतदाराला शपथपत्रावर तक्रार करता यावी. तीस दिवसांत तिच्यात तथ्य दिसते की नाही ते ठरावे आणि सहा महिन्यांत निर्णय व्हावा. फेटाळलेल्या तक्रारींची कारणेही प्रसिद्ध व्हावीत, कारण निर्दोष ठरलेल्या नगरसेवकाला ते प्रमाणपत्र मिळणे हा त्याचा हक्क आहे. पुरावा अपुरा पडला म्हणून तक्रारदाराला दंड होऊ नये, मात्र जाणूनबुजून रचलेल्या खोट्या आरोपाला शिक्षा असावी. हे महत्त्वाचे आहे, कारण निवडणुकीच्या तोंडावर तक्रारींचे पीक येणार, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. मुंबई वगळता बहुतेक शहरांत एका प्रभागात चार-चार नगरसेवक असतात आणि तेथे शेजारच्या जागेवरील स्वपक्षीयच तक्रारीच्या मागे असण्याची शक्यता अधिक!

सरकार कायदा करील तेव्हा करील. तोपर्यंत पक्षाने काय करायचे? जैन हवाला प्रकरणात जानेवारी १९९६ मध्ये नाव येताच लालकृष्ण अडवाणी यांनी लोकसभेचा राजीनामा दिला आणि निर्दोष ठरेपर्यंत निवडणूक न लढवण्याची घोषणा केली. त्या वर्षीची निवडणूक त्यांनी लढवली नाही. एप्रिल १९९७ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने आरोप रद्दबातल ठरवल्यानंतर, १९९८ मध्ये ते पुन्हा लोकसभेत आले. या घटनेची आठवण आपण वारंवार काढतो, पण नगरसेवकाच्या पातळीवर तिचे अनुकरण झाल्याची उदाहरणे किती देता येतील? रामभाऊ म्हाळगी १९५७ मध्ये मावळातून विधानसभेवर गेले. वर्षभरात आपण काय केले याचा अहवाल ते दरवर्षी मतदारांपुढे ठेवत. कोणत्याही कायद्याने त्यांना तसे सांगितलेले नव्हते. त्यांच्या नावाने १९८२ मध्ये उभ्या राहिलेल्या प्रबोधिनीतून लोकप्रतिनिधींच्या अनेक पिढ्या प्रशिक्षण घेऊन बाहेर पडल्या. उत्तनच्या त्या रम्य परिसरातील प्रशिक्षणवर्गात काढलेली टिपणे प्रभागात परतल्यावर कपाटात जातात की टेबलावर राहतात, एवढेच पाहायचे आहे.

ज्या महापालिकांत आज आपली सत्ता आहे, तेथे कायद्याची वाट न पाहता एक गोष्ट सर्वसाधारण सभेच्या साध्या ठरावाने सुरू करता येईल. प्रत्येक नगरसेवकाने दरवर्षी १ एप्रिलला आपले, पती वा पत्नीचे, मुलांचे, भावंडांचे, सासरच्या मंडळींचे आणि जावयाचे व्यवसाय व महापालिकेशी असलेले व्यवहार एका नोंदवहीत लिहावेत आणि ती नोंदवही महापालिकेच्या संकेतस्थळावर खुली असावी. स्थायी समितीत एखादा प्रस्ताव आला की अध्यक्षांनी आधी विचारावे, कोणाचा यात संबंध आहे काय? ज्याचा असेल त्याने उठून बाहेर जावे आणि तो गेल्याची वेळ इतिवृत्तात लिहिली जावी. मुंबईत ही समिती २७ जणांची आहे, इतरत्र १६ जणांची. प्रश्न विचारायला अर्धा मिनिट पुरतो. पहिल्या बैठकीत कोणीही उठणार नाही, हे गृहीत धरावे. नोंदवही मात्र त्या दिवसापासून नागरिकांच्या हाती असेल आणि त्यांना मेहुण्यांची नावे ठाऊक असतात.